मागायला जाणारी माणसे

दि. १९ फेब्रुवारी, बुधवार

चि. सौ. धाकटीस,

अनेक उत्तम आशीर्वाद. साडूभाऊंना नमस्कार. तुझे पत्र वेळेवर मिळाले. उत्तराला विलंब झाला याबद्दल क्षमस्व. माझी प्रकृती ठीक आहे. रक्तदाब आटोक्यात आहे, जेवण होते, आणि सकाळचे फिरणे मी सोडलेले नाही. तू विचारलेल्या प्रश्नांपैकी एवढ्यांची उत्तरे सहज देता येण्यासारखी आहेत. उरलेल्यांकडे यथावकाश येतो.

मागची खोली रंगवून घेतलीस, खिडकीला नवे पडदे लावलेस, हे वाचून संकोच वाटला. रंग भावोजींना विचारून निवडायला हवा होता असे साडूभाऊ म्हणाल्याचे लिहिले आहेस. त्यांना सांग, माझी कोणत्याही रंगाविषयी तक्रार नाही. त्या खोलीविषयी आणखी लिहायचे आहे, परंतु आधी येथील वृत्तान्त सांगतो, म्हणजे पुढचे समजायला सोपे जाईल.

महिनाअखेरीस तुमच्याकडे कायमचे यायचे ठरल्यावर मी आवराआवर सुरू केली. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. वजनमापे खात्यात उभा जन्म गेला. दुसऱ्याच्या तराजूचा काटा तपासणाऱ्याने स्वतःच्या घरात कोणाची वस्तू ठेवू नये, हा माझा नियम. तुझ्या ताईचा नेमका उलटा. "ह्यांच्या मापात पाप नाही आणि माझ्या घरात माझं काही नाही," असे ती पाहुण्यांसमोर हसत म्हणे, आणि ते अक्षरशः खरे होते. शिंप्याची मोठी कात्री आमच्याकडे, समोरच्यांची चाळणी आमच्याकडे, कोणाची छत्री, कोणाचा हातोडा. खालच्या मजल्यावरच्या बेकरीवाल्याची घडीची शिडी तर आमच्या बोळात अशी ठाण मांडून होती, की येता-जाता मी अंग चोरून तिला वाट देत असे. एवढी नेटकी बाई, पण उसने आणलेले परत करायचे असते हे तिच्या गावीही नसे. तिच्या स्वभावातला एवढा एकच दोष मला कधी समजला नाही.

तेव्हा निघण्यापूर्वी ज्याचे त्याला पोचते करावे, असे ठरवले. कात्रीला धार लावून आणली, छत्रीची मोडकी काडी बदलली, शिडीच्या बिजागऱ्यांना तेल दिले, आणि एका रविवारी पिशव्या घेऊन दारोदार फिरलो. लोक संतुष्ट होतील अशी माझी कल्पना होती. प्रत्यक्षात प्रत्येकाचे तोंड उतरले. शिंप्याची बायको कात्री हातात घेऊन उभीच राहिली, आणि "राहू द्यायची होती हो तुमच्याकडेच," एवढेच म्हणाली. हा तुझ्या ताईविषयीचा शोक आहे असे मी धरून चाललो, व पुढच्या दाराकडे वळलो.

बेकरीवाल्याविषयी तुला सांगायला हवे. तिशीतला, अंगाने दांडगा, बोलायला कमी. रात्रभर भट्टीपुढे उभा असतो व सकाळी घरी येतो. त्याच वेळी त्याची बायको हॉस्पिटलच्या धुलाईघरात दिवसपाळीला निघते. म्हणजे दिवसभर त्यांची लहान मुलगी त्याच्याजवळ, आणि त्याला झोप हवी असते तीही दिवसाच. मुलीला सगळे भिंगरी म्हणतात. सरळ चालणे तिला माहीतच नाही. या खोलीतून त्या खोलीत जायचे तर गिरकी घेत जाते. नाव तुझ्या ताईनेच ठेवलेले.

शिडी दारात पाहून तो म्हणाला, "म्हणजे आता आमचं काही नको तुम्हाला?"

मी मोठ्या अभिमानाने उत्तर दिले, "नाही. आता कोणाचेच काही नको."

त्याने मान हलवली, शिडी आत ओढली आणि दार लावले. मी घरी येऊन स्वस्थ झोपलो.

त्यानंतरच्या दिवसांत दुपारच्या वेळी खालून आवाज येऊ लागले. पूर्वीही येत असतील. पण पूर्वी ते सुरू होताच तुझी ताई "अगं बाई, पक्कड राहिलीच," असे काहीतरी पुटपुटत जिना उतरे आणि थोड्या वेळाने सारे शांत होई. त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध मी कधी जोडला नव्हता. आता जिना उतरणारे कोणी नव्हते. प्रथम नुसते खेकसणे ऐकू येई. पुढे भांडे आपटल्याचा आवाज आला. एका दुपारी भिंगरी रडत होती आणि ते रडणे मध्येच, कापल्यासारखे, बंद झाले. धाकटे, रडण्याने मी इतका घाबरलो नव्हतो जितका त्या थांबण्याने घाबरलो.

मी कोणाच्या अध्यात ना मध्यात. तरी उठलो आणि नर्सबाईंकडे गेलो. त्या तुला आठवत असतील: बालरुग्ण विभागातून निवृत्त झालेल्या, उंच, आणि बोलणे इंजेक्शनसारखे, कापसाने पुसून न घेता सरळ टोचणारे. मी ऐकलेले सांगितले. त्या म्हणाल्या, "साहेब, काय करून बसलात तुम्ही? आमची सगळी दारं लावून आलात."

मी केवळ लोकांच्या वस्तू पोचवल्या, असा खुलासा केला. त्यावर त्या कपाळाला हात लावून हसू लागल्या, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. मग त्यांनी जे सांगितले ते मी इतकी वर्षे एकाच छताखाली राहून जाणत नव्हतो.

आपल्या या रस्त्यावर पूर्वी एका घरात एक मूल गंभीर जखमी झाले होते. त्या घरातला आरडाओरडा सर्वांनी ऐकलेला. गेले मात्र कोणी नव्हते. त्यानंतर तुझी ताई, नर्सबाई, शिंपी नवराबायको अशी काही माणसे एकत्र आली. आरंभी ती उपदेश करायला जात, आणि लोक त्यांच्या तोंडावर दार लावत. एकदा ताईला खरोखरच पक्कड हवी होती, म्हणून ती अशाच एका तापलेल्या घरात शिरली. संतापलेला बाप पक्कड शोधायला लागला. कपाटात डोके घातले, माळ्यावर चढला, सापडेना म्हणून स्वतःवरच चरफडला, आणि खाली उतरला तेव्हा त्याचा राग उतरलेला होता. तेवढ्या अवधीत ताई मुलाला घेऊन बसली होती. तेव्हापासून हीच त्यांची रीत झाली.

"समजावायला गेलेल्याला माणूस हाकलतो," नर्सबाई म्हणाल्या, "मागायला गेलेल्याला आत घेतो. पण मीठ मागायचं नाही, ते हाताशी असतं. शोधावं लागेल असंच मागायचं. आणि लगेच परत करायचं नाही, कारण परत करणं ही दुसरी फेरी. एक वस्तू नेऊन द्यायची, दुसरी घेऊन यायची. जिथं वरचेवर जावं लागतं तिथली वस्तू आपल्याकडे कायम पाहिजे. शिडी म्हणूनच तुमच्या बोळात होती, साहेब."

अंगावर वळ दिसला किंवा मूल दिसेनासे झाले, तर मात्र मंडळी काही मागत बसत नाहीत. बालसंरक्षण कार्यालयात कळवतात. तसे त्यांनी केलेही आहे, आणि त्याविषयी त्यांच्या मनात किंतु नाही. नर्सबाईंनी बेकरीवाल्याचे दार आधीच वाजवून पाहिले होते. "वरच्यांनी संबंध संपवलेत, आता तुम्ही कशाला येता," असे तो आतूनच म्हणाला होता. मुलगी उद्या दृष्टीस पडली नाही तर कार्यालयाला फोन करणार, असे त्यांनी ठरवले होते. "पण त्याआधी तुम्ही जा. तुमच्यासाठी तो उघडेल. अपमान तुमच्याकडून झालाय."

ताईने हे मला का सांगितले नाही, असे मी विचारले. नर्सबाई म्हणाल्या, "तुम्ही प्रत्येक वस्तूची पोच मागितली असती म्हणून."

मी म्हणालो की नसलेली गरज सांगून वस्तू मागणे हे असत्य आहे, आणि ते मला जमणार नाही. त्या थकून म्हणाल्या, "मग खरं मागा. तुमच्याकडे काय नाही ते तुम्हालाच ठाऊक."

नेमके येथेच माझे घोडे अडले. दुसऱ्या दिवशी मी घरभर फिरून काय नाही ते शोधले. हत्यारांची पेटी परिपूर्ण. दिवे सारे लागतात. नळ गळत नाही. कपाटात दोरा, सुई, गोंद, खिळे, मेणबत्त्या. या घरात कशाचीही उणीव नाही, हे पाहून आयुष्यात प्रथमच मला लाज वाटली. तेवढ्यात खालून खुर्ची पडल्याचा आवाज आला आणि मी रिकाम्या हाताने, रिकाम्या डोक्याने जिना उतरलो.

दार त्याने उघडले. डोळे लाल, केस विस्कटलेले. आत जमिनीवर दूध सांडले होते, खुर्ची आडवी होती आणि भिंगरी भिंतीला पाठ लावून उभी होती. ती स्थिर उभी होती. तिला तशी मी कधी पाहिली नव्हती.

"काय पाहिजे?" तो म्हणाला.

तू प्रत्येक पत्रात विचारतेस, भावोजी, एकट्याला करमतं का. मी प्रत्येक पत्रात उत्तर देतो की प्रकृती ठीक आहे. धाकटे, तुला द्यायचे उत्तर मी त्या दारात दिले, याबद्दल मला क्षमा कर. मी म्हणालो, "मला घरात एकट्याला बसवत नाही. थोडा वेळ तुमच्याकडे बसू का?"

हे वाक्य मी ठरवले नव्हते. उच्चारल्यावर मला ते ऐकू आले. तो वळला, आडवी पडलेली खुर्ची उचलली, आपल्या सदऱ्याच्या बाहीने पुसली, आणि म्हणाला, "बसा, काका."

मी रडलो असे म्हणणार नाही. रुमाल काढावा लागला एवढे खरे. तो स्वच्छ कप शोधत स्वयंपाकघरात बराच वेळ खुडबुडत राहिला. भिंगरी भिंत सोडून हळूहळू जवळ आली आणि माझा रुमाल निरखू लागली. मी तो तिला दिला. तिने त्या रुमालानेच सांडलेले दूध पुसले, आणि तो तसाच, घडी घालून, मला परत केला.

चहा घेऊन आल्यावर तो बोलू लागला. मी काही विचारले नव्हते. "झोप होत नाही हो काका. भट्टीचा जाळ डोळ्यांतून जात नाही, त्यात हिचा आवाज डोक्यात जातो. त्या दिवशी हिचा हात धरून हिसडला. हातातून काहीतरी कट् वाजलं. मी इतका घाबरलो की हिचं तोंड दाबलं, रडू नको म्हणून." त्याने बायकोला सांगितले नव्हते. मी उपदेश केला नाही. नर्सबाईंना हात दाखवू या का, एवढेच विचारले. त्याने मान हलवली, आणि त्या माझ्या मागोमाग जिन्यातच उभ्या असाव्यात इतक्या लवकर आल्या.

हात मोडलेला नव्हता, निखळलाही नव्हता; खात्रीसाठी डॉक्टरांनाही दाखवला. ते ऐकले तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. पण नर्सबाईंनी कोणाला सहज सोडले नाही. बायकोला त्यानेच सांगायचे, आजच सांगायचे, आमच्यासमोर सांगायचे, असे बजावले, आणि त्याने सांगितले. त्या मुलीने, म्हणजे त्याच्या बायकोने, आधी ऐकून घेतले, मग त्याला बरेच काही सुनावले, आणि शेवटी त्याला झोप कधी मिळेल याचा विचार करायला आमच्यातच बसली. कार्यालयातल्या बाईंनाही कल्पना दिली आहे. त्या येऊन पाहून गेल्या आणि पुन्हा येणार आहेत. आरोग्य केंद्रात आईबापांची बैठक भरते, तिथे तो जातो. तिथे आपल्याखेरीज सगळे फार बोलतात अशी त्याची तक्रार आहे. भट्टीची पाळी मात्र बदलून मिळालेली नाही.

मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी भिंगरी माझ्याकडे असते. दार सताड उघडे ठेवायचे आणि मंडळींपैकी आणखी एक जण सोबत हवाच, असा त्यांचा नियम आहे व तो मला सर्वस्वी मान्य आहे. शिंप्याची बायको काजे करायला शर्ट घेऊन येते. तिने मला सांगितले की तुमच्या मिसेस मुलांना गोष्टी सांगायच्या, तुम्ही परिपत्रक वाचून दाखवल्यासारखं बोलता. प्रयत्न चालू आहे.

मलाही मंडळात रीतसर घेतले आहे. खोटे मागणार नाही, ही अट मी घातली. तेव्हा उपाय म्हणून माझी हत्यारांची पेटी नर्सबाईंच्या स्वाधीन केली, आणि घरची चाळणी, कात्री, इस्त्री इतरांना वाटून टाकली. आज माझ्या घरात साधा पेचकस नाही. मी आता खराखुरा गरजू मनुष्य आहे आणि मला कोणाच्याही दारात उभे राहण्याचा पूर्ण अधिकार आहे. शिडीही पुन्हा बोळात आली आहे.

तथापि एक काळजी राहतेच. ठरलेल्या दिवशी सारे सुरळीत चालते. न ठरलेल्या दिवशी काय? जमिनीला कान लावून मी किती काळ बसणार? आम्ही त्याच्या दारी जातो, हे ठीक. पण ज्या क्षणी आम्ही जाणार नाही त्या क्षणी तो काय करील, हे मला ठाऊक नाही, आणि त्यालाही नसावे. महिनाअखेर जवळ येत आहे, आणि

दि. २० फेब्रुवारी, गुरुवार

वाक्य अपुरे राहिले, कारण घंटा वाजली.

काल बुधवार, म्हणजे भिंगरीचा दिवस नव्हे. दार उघडले तर ती पुढे उभी, आणि तिच्यामागे एक पायरी खाली तिचा बाप. त्याने दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधले होते, एका हाताने दुसरे मनगट धरून. तसाच तो जिना चढून आला होता.

"काका, हात शिवशिवतोय," तो म्हणाला. "हिला घ्या."

मी "ये बाळ" म्हणालो. ती माझ्या बगलेखालून आत गेली, गिरकी घेत. मी शेजारच्या दाराकडे पाहून शिंप्याच्या बायकोला हाक मारली. तो तिथेच उभा होता. मी काहीतरी बोलावे याची वाट पाहत होता बहुधा, आणि उभ्या जन्माची भाषणे माझ्या जिभेवर आली होती. ती मी गिळली. "तूही ये," एवढेच म्हणालो. त्याने कोचाकडे पाहिले, "जरा टेकू का?" म्हणाला, आणि टेकला तो आडवाच झाला. हात सुटून लोंबकळू लागले तेव्हा तो झोपला असे मी समजलो.

भिंगरीला मी माझ्या जुन्या पितळी वजनांची पेटी काढून दिली. ती वजने रांगेत लावता लावता तिने विचारले, "वरची आजी कुठाय?"

घरात तो प्रश्न मला अजून कोणी विचारला नव्हता, कारण ज्यांना उत्तर ठाऊक आहे ते विचारत नाहीत. तुला लिहिलेल्या पत्रांतही मी तो शब्द टाळत आलो आहे. तू ते ओळखले असशील. मी म्हणालो, "आजी वारली."

"म्हणजे येणार नाही?"

"नाही येणार."

"मग तिची खुर्ची मी घेऊ?"

शिंप्याची बायको सुई थांबवून माझ्याकडे पाहू लागली. मी म्हणालो, "घे." ती चढून बसली, पाय हलवत राहिली, आणि काही बिघडले नाही. आभाळ कोसळेल असे मला इतके महिने वाटत होते. कोसळले नाही, धाकटे. उलट एवढे हायसे वाटले की मला भूक लागली.

संध्याकाळी तिची आई कामावरून थेट वर आली. नवरा कोचावर घोरत होता, तोही असा की कपाटाच्या काचा थरथरत होत्या. मी झाला प्रकार सांगितला. ती दारातच बसली. "स्वतःहून आला?" तिने विचारले. मी हो म्हणालो. तिने पुन्हा विचारले, "तुम्ही बोलवायच्या आधी?" मी पुन्हा हो म्हणालो. मग ते घोरणे ऐकत ती म्हणाली, "एरवी ह्या आवाजानं मी उशी फेकून मारते." आम्ही सगळे हसलो, तो जागा झाला नाही.

आता त्या खोलीविषयी. तू आणि साडूभाऊंनी ज्या मायेने ती तयार केलीत, तिला नकार देणे मला जड जात आहे, आणि म्हणूनच हे पत्र इतके लांबले. मी राहायला येत नाही. पाहुणा म्हणून अवश्य येईन, शनिवारी येऊन सोमवारी परतेन, आणि तुमच्या रंगाची तोंडभर स्तुती करीन. तू इकडे ये. मला तुझ्याशी ताईविषयी बोलायचे आहे, आणि ते पत्रात जमत नाही. मी एकटा आहे हे आता तुझ्यापासून लपवत नाही. पण त्यावर तुमची खोली हा उपाय नव्हे असे दिसते. काल एक माणूस आपले हात पाठीमागे बांधून जिना चढून आला. तो पुन्हा चढेल. त्या वेळी दार उघडायला इथे कोणीतरी असले पाहिजे.

साडूभाऊंना सप्रेम नमस्कार. तुला माझे आणि तुझ्या वारलेल्या ताईचे आशीर्वाद.

दुपारी घरीच असणारे,
तुझे भावोजी